फाइल-परवानगी, दुय्यम हार्ड डिस्कवरील
फाइल-परवानगी, दुय्यम हार्ड डिस्कवरील : संगणकाला जोडलेल्या दुसऱ्या हार्ड डिस्कवरील फाइली व फोल्डर कोणी वाचावेत, कोणी बदलावेत व कोणी चालवावेत हे ठरविणारी नोंद, तसेच ती पाहण्याची व बदलण्याची रीत. बोलण्यात ‘पर्मिशन’ हाच शब्द रूढ आहे. ही नोंद फाइलीसोबत डिस्कवरच राहते. ती ज्या वापरकर्त्याविषयी असते त्याचे नाव मात्र तिच्यात नसते, केवळ क्रमांक असतो. नवशिक्याला दुसऱ्या डिस्कवर येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

‘दुय्यम’ या शब्दाचे दोन अर्थ नेहमी एकमेकांत मिसळतात. संगणकशास्त्रात मुख्य स्मृतीबाहेरचे (चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या स्मृतीबाहेरचे) सगळेच साठवण दुय्यम गणले जाते. मग ते चुंबकीय ढोल (फिरत्या नळकांड्यावर माहिती ठेवणारे जुने साधन) असो, डिस्क असो वा फीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या यंत्राची मुख्य स्मृती चुंबकीय गाभ्यांची व अवघी २,०४८ शब्दांची (शब्द म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तेवढा अंकांचा गट) होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी हा भेद किती रोखठोक होता ते कळते. बाजारातला अर्थ निराळा आहे. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग) कोणी ‘सेकंडरी हार्ड डिस्क’ मागितली, तर ज्या डिस्कवर विंडोज किंवा लिनक्स नाही अशी, माहिती ठेवण्यापुरती जादा डिस्क दुकानदाराला अभिप्रेत असते. ती नवी असते, किंवा बंद पडलेल्या संगणकातून काढून यूएसबी केसमध्ये घातलेली असते. प्रस्तुत नोंदीत हाच अर्थ घेतला आहे.

उगम : परवानगीच्या कल्पनेचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. एक मत एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातील सीटीएसएस या प्रणालीकडे बोट दाखविते. फर्नांडो कॉरबाटो यांच्या नेतृत्वाखालील या कालविभाजन प्रणालीचे (एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणाऱ्या प्रणालीचे) पहिले प्रात्यक्षिक १९६१ च्या अखेरीस झाले. अनेकांची कामे व अनेकांच्या फाइली एकाच यंत्रावर नांदू लागल्याने पासवर्डाची गरज तेथे लवकर भासली. परंतु पासवर्ड ‘तू कोण’ एवढेच विचारतो; ‘तुला या फाइलीचे काय करता येईल’ हा प्रश्न वेगळा आहे. त्या प्रश्नाचे सुसूत्र उत्तर आर. सी. डेली व पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या कार्यप्रणालीसाठी १९६५ मध्ये मांडलेल्या निबंधात सापडते. फाइलीला वापरकर्त्यांची यादी जोडायची व प्रत्येकापुढे त्याचे अधिकार लिहायचे, अशी ती योजना होती. आज जिला प्रवेश-नियंत्रण यादी म्हणतात तिचे हे पूर्वरूप. उगम येथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘दुय्यम साठवण’ हे शब्द आहेत, अर्थात वर सांगितलेल्या पहिल्या अर्थाने.

तिसरे मत युनिक्स या कार्यप्रणालीला (लिनक्स तिच्याच धर्तीवर आहे) मान देते, आणि प्रसाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये मल्टिक्स प्रकल्पातून बाहेर पडली. त्यानंतर केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ती लांबलचक यादी टाकून मोजके द्विमान अंक (० किंवा १, म्हणजे नाही किंवा हो) ठेवले. मालक, गट व इतर ही त्रयी युनिक्समध्ये पहिल्यापासून होती असा समज आढळतो, तो ग्राह्य नाही. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या पुस्तिकेत मालक व अन्य असे दोनच वर्ग दिसतात. गटाची भर त्यानंतरची. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ती स्थिरावलेली होती. फाइल चालविताना तात्पुरती तिच्या मालकाची सत्ता देणाऱ्या ‘सेट-यूआयडी’ खुणेचे पेटंट रिची यांना १९७९ मध्ये मिळाले. नवशिक्याचा या खुणेशी संबंध दुसऱ्या डिस्कपुरताच येतो: बाहेरून आलेल्या डिस्कवर कोणी असा कार्यक्रम पेरलेला असू शकतो, म्हणून लिनक्स डेस्कटॉपवर यूएसबी डिस्क आपोआप जोडली जाताना ही खूण सहसा निष्प्रभ केली जाते.

यादीची पद्धत पुढे परत आली. १९९३ मधील विंडोज एनटी व त्यासोबतची एनटीएफएस फाइलप्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) तिच्यावरच उभी आहे. युनिक्स-कुळात यादीचे प्रमाणीकरण करणारा पॉझिक्सचा (युनिक्स-कुळासाठीच्या मानकांचा) मसुदा मात्र १९९८ मध्ये मागे घेण्यात आला. लिनक्समधील याद्या त्या मागे घेतलेल्या मसुद्याबरहुकूम चालतात, ही गंमतच.

क्रमांक व नाव : गिरगावातल्या चाळीचे उदाहरण घेता येईल. दारावर खोलीचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाची खोली कोणाची हे जिन्यापाशी लावलेल्या नावांच्या पाटीवरून कळते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावणे म्हणजे दारे क्रमांकांसह उचलून दुसऱ्या चाळीत नेणे. पाटी मागेच राहते. नव्या चाळीच्या पाटीवर तो क्रमांक नसेल तर खोली बेवारस ठरते. असेल तर ती भलत्याच बिऱ्हाडाची होते. लिनक्समध्ये दुसरा प्रकार सर्रास घडतो. उबुंटूसारख्या वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो. त्यामुळे एका उबुंटू संगणकावरची डिस्क दुसऱ्याला लावली की सगळे सुरळीत उघडते आणि नियम कळलाच नाही तरी चालते. जुन्या रेड हॅट कुळात ही गणती ५०० पासून होती, मॅकवर ती ५०१ पासून होते. तेथून आलेली डिस्क अडते. विंडोजमधील सुरक्षा-क्रमांक संगणकागणिक वेगळा असल्याने तेथे योगायोगाला वावच नाही. जुन्या डिस्कच्या सुरक्षा-यादीत ‘अकाउंट अननोन’ व एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबच लांब संख्या दिसली, तर तो पाटीवर नसलेला भाडेकरू समजावा. संगणक तोच असला, पण त्यावर विंडोज नव्याने टाकले असले, तरी हेच होते.

पेन ड्राइव्हवर असा त्रास होत नाही, कारण त्यावर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. या प्रणालींत मालकाची नोंदच नाही. चार जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट३२ वर मावत नाही. २००६ मधील एक्सफॅटने ती मर्यादा काढली, परवानगी मात्र आणली नाही.

विंडोजमधील रीत : फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड, व तेथे ओनर बदलणे, हा क्रम आहे. आतल्या फोल्डरांनाही तो मालक लावण्याची खूण त्याच खिडकीत असते. मालक झाल्याने वाचता येतेच असे नाही. मालकाला परवानगी बदलण्याचा हक्क मिळतो, म्हणून स्वतःला ‘फुल कंट्रोल’ देणे ही दुसरी पायरी उरते. हीच कामे आज्ञेने करणारे टेकओन व आयकॅकल्स हे कार्यक्रम विंडोजसोबत येतात. हवा त्याच फोल्डरवर हा प्रयोग करावा. चालू विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तेथे मुळापासून मालकी बदलल्यास प्रणाली मोडू शकते. आणखी एक खाचखळगा: त्याच ड्राइव्हवर फाइल हलविली तर ती सहसा जुनी परवानगी घेऊन जाते, कॉपी केली तर नव्या फोल्डरची घेते. डीटीपीवाल्याने ‘सगळ्यांसाठी’ ठेवलेल्या फोल्डरात टाकलेली फाइल शेजारच्या टेबलावर उघडत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हे असते.

लिनक्समधील रीत : वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालविण्याचे १ असे गुण धरून मालक, गट व इतर यांची बेरीज क्रमाने लिहितात. फाइलींना ६४४ व फोल्डरांना ७५५ हे नेहमीचे अंक. फोल्डरच्या बाबतीत ‘चालविणे’ म्हणजे आत शिरणे. वाचण्याची परवानगी असून ही नसेल तर आतल्या फाइलींची नावे दिसतात, पण फाइली उघडत नाहीत.

नव्या डिस्कला ईएक्सटी४ चा (लिनक्सच्या फाइलप्रणालीचा) फॉरमॅट मारला की तिचे मूळ फोल्डर सहसा रूटच्या (लिनक्सच्या प्रशासकाच्या) मालकीचे होते व सामान्य वापरकर्त्याला त्यावर लिहिता येत नाही. डिस्क माउंट करून (एखाद्या फोल्डरावर जोडून) मग सीएचओन (chown) या आज्ञेने ते आपल्या नावावर करून घ्यावे. क्रम उलटा केला, तर मालकी बदलते ती माउंटसाठी केलेल्या रिकाम्या फोल्डरची. डिस्क त्यावर चढली की बदल झाकला जातो आणि ‘आज्ञा देऊनही होत नाही’ अशी तक्रार उरते. वैतागून सगळ्यावर ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) लावण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो करू नये. त्याने फोटो आणि बिलेसुद्धा ‘चालविण्याजोगी’ ठरतात व कोणालाही पुसता येतात. परवानगी बदलणाऱ्या सीएचमॉड (chmod) आज्ञेत मोठ्या लिपीतला एक्स वापरल्यास चालविण्याची खूण फोल्डरांना लागते. फाइलींपैकी जिच्यावर ती आधीच आहे तिलाच लागते.

एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्क लिनक्सला लावली असता सीएचमॉड बहुधा निष्फळ ठरते. तेथे मालक व परवानगी माउंट करतानाच, एफएसटॅब (डिस्क कशी जोडावी हे सांगणाऱ्या) फाइलीतील यूआयडी (मालकाचा क्रमांक), जीआयडी (गटाचा क्रमांक) व यूमास्क (कोणत्या परवानग्या वगळायच्या) या पर्यायांनी ठरवितात. अशी एनटीएफएस डिस्क फक्त वाचता येत असेल, तर दोष परवानगीचा नसण्याचीच शक्यता अधिक. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे संगणक पुरता बंद होत नाही, व अर्धवट अवस्थेतल्या डिस्कवर लिनक्स लिहू देत नाही. विंडोजमध्ये जाऊन ही सोय बंद करावी.

मॅकवर बाहेरच्या डिस्कपुरती मालकी दुर्लक्षिण्याचा पर्याय गेट इन्फोच्या खिडकीत मिळतो.

मर्यादा : परवानगी ही कुलूप नव्हे. ती पाळणे हे चालू कार्यप्रणालीचे काम आहे. तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून तेथील प्रशासकाने मालकी घेतली की जुनी बंधने संपतात. वर दिलेली रीत याच दुबळेपणाचा फायदा घेते. फाइली ईएफएसने किंवा डिस्क बिटलॉकरने (या विंडोजच्या सोयी) कूटबद्ध केली असेल, तर मालकी घेऊनही हाती काही लागत नाही. अनुक्रमे जुने प्रमाणपत्र किंवा रिकव्हरी की लागते. विंडोज नव्याने टाकण्याआधी ती काढून ठेवलेली नसेल तर त्या फाइली सहसा गेल्याच म्हणायच्या. जुनी डिस्क विकताना याची उलट बाजू पुढे येते. परवानग्या काढून घेतलेले फोल्डर घेणाऱ्याला दोन मिनिटांत उघडते. फिरत्या चकत्यांच्या डिस्कवर झटपट फॉरमॅट मारल्यानेही फाइली पुसल्या जात नाहीत, केवळ त्यांची सूची कोरी होते. अशी डिस्क देण्यापूर्वी पूर्ण लांबीचा, सगळ्या जागेवर शून्ये लिहिणारा फॉरमॅट करावा लागतो. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात.