कोलिमाचा कडू काढा

हिवाळ्याचा बर्फ पडायच्या आधी हे झाड जमिनीवर आडवं होतं आणि वसंतात पुन्हा उभं राहतं. ईशान्य सायबेरियातल्या कोलिमाचं हे बुटकं पाइन. रशियन भाषेत त्याला ‘स्तलानिक’ म्हणतात. त्याच्या एकेका झुबक्यात पाच सुया असतात. स्टालिनच्या काळात सोन्याच्या खाणीत राबायचं त्राण न उरलेले कैदी याच सुया पोत्यांत भरून आणत.

सुया उकळून दाट, चिकट, अतिशय कडू अर्क काढत. स्कर्व्हीवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर, औषध म्हणून तो जेवणाआधी सक्तीने पाजला जाई.

त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या यांना बांधून ठेवतं ते कोलॅजन. त्याचे तीन धागे दोरासारखे वळलेले असतात आणि तो पीळ घट्ट राहायला क जीवनसत्त्व लागतं. माणसाचं शरीर ते तयार करत नाही. आहारातून मिळायचं थांबलं, की एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसू लागतात. हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात. जुने व्रणही उकलू शकतात. भरलेली जखम संपली असं आपण धरून चालतो, पण शरीर व्रणातलं कोलॅजनसुद्धा सतत मोडून नव्याने बांधत असतं. बांधायचं थांबलं, की वर्षांपूर्वीची जखम पुन्हा तोंड उघडते.

ताज्या सुयांत क जीवनसत्त्व असतंच. पण तासन्‌तास उकळलं की ते नष्ट होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये शास्त्रज्ञांनी पाइनच्या सुया आम्लयुक्त पाण्यात भिजवून अर्क काढला होता. म्हणजे योग्य रीत त्याच देशात माहीत होती. कोलिमात मात्र कढया उकळत राहिल्या.

लेखक वार्लाम शालामोव्ह १९३७ मध्ये राजकीय आरोपाखाली पकडले गेले आणि कोलिमात पाठवले गेले. त्यांना स्वतःला स्कर्व्ही झाला. १९४६ मध्ये तिथेच त्यांनी वैद्यकीय सहायकाचं शिक्षण घेतलं आणि त्यामुळे ते जगले. हा काढा निरुपयोगी होता, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. मला तर त्याहून क्रूर वाटतो तो पावाचा हिशेब. ठरलेलं काम पुरं झालं नाही की पाव कमी, पाव कमी की अंगातलं बळ कमी, आणि दुसऱ्या दिवशी काम आणखी कमी.

खरं औषध जवळच होतं. कोलिमात रानगुलाब वाढतो आणि त्याची लाल फळं क जीवनसत्त्वाने भरलेली असतात. पण कामावर निघताना पहारेकरी रोज बजावत: रांगेतून एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे पडलं, तर तो पळून जाण्याचा प्रयत्न समजून इशारा न देता गोळी घातली जाईल.