दार खांद्याने तुटत नाही

सिनेमात घराला आग लागली की कुणीतरी चार पावलं मागे सरकतो, खांद्याने धडक देतो आणि दार कोसळतं. वर्षानुवर्षं हेच बघून आपल्याला ते खरं वाटायला लागलंय. प्रत्यक्षात मजबूत दाराआधी खांदाच निखळू शकतो.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातले अधिकारी ह्यू हॅलिगन यांनी १९४८ मध्ये यासाठी एक पहार तयार केली. तीच हॅलिगन बार. साधारण ३० इंच लांब. एका टोकाला बेचकं, दुसऱ्या टोकाला चपटं पातं आणि अणकुचीदार चोच. दार आत उघडणारं असेल तर एकजण बेचकं कुलपाजवळच्या फटीत धरतो, दुसरा कुऱ्हाडीच्या सपाट पाठीने ठोके घालतो. बेचकं चौकटीच्या पलीकडे पोचलं की पहार दाराच्या दिशेने रेटायची. लांब दांड्याच्या तरफेने कुलपाची जीभ चौकटीतून सुटते. सगळी कमाल बेचकं नेमकं कुठे बसवलं याची.

त्याआधी मूठ फिरवून पाहायलाच हवी. दार नुसतं लोटलेलंही असतं. आणि उघडलं की ते सताड सोडायचं नाही, हाताने धरून ठेवायचं, कारण आत शिरलेल्या हवेने आग भडकते.