ठासणीच्या बंदुकीपासून तांब्याच्या मुलाम्यापर्यंत: पुंगळी पुन्हा भरण्याची पार्श्वभूमी

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी आपला बार आपणच भरतो. मापाने दारू नळीत ओतायची, वर काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी निपलवर टोपी. उसात शिरलेली रानडुकरं हुसकावायला तेवढं पुरतं. अमेरिकेत घरच्या टेबलावर पिस्तुलाची काडतुसं पुन्हा भरणारा हौशी नेमबाज याच घराण्यातला. पण त्याच्या टेबलावर तराजू आहे, व्हर्निअर कॅलिपर आहे, कुठल्या गोळीला किती दारू घालायची हे सांगणारा दारू कंपनीचा तक्ता आहे आणि डब्यात तांब्याचा मुलामा दिलेल्या शिशाच्या गोळ्या आहेत. हे सगळं का लागू लागलं, त्याची ही गोष्ट.

१८१८च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या मन्रोच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट घेतला, तेव्हा दोन्हीकडची दारू एकच होती: सोरा, गंधक आणि कोळसा. शिपायाच्या पोतडीत कागदाच्या पुडीत बांधलेली दारू आणि गोळी असे. पुडी दाताने फाडायची आणि नळीत रिकामी करायची. १८५७ मध्ये एनफिल्डच्या काडतुसावरच्या चरबीने काय भडका उडवला ते शाळेत सगळ्यांनी वाचलेलं आहे. त्यानंतर दहाएक वर्षांतच कागद मागे पडला आणि पितळेची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, आली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच बदलाच्या तोंडावरचा.

पितळेची पुंगळी एकदा बार होऊन संपत नाही. ती फुगते, पण फाटत नाही. साच्यात दाबून मूळ मापाला आणली की पुन्हा भरता येते. ते सोपं की अवघड, हे ठरतं तळातल्या प्रायमरवर, म्हणजे ठोक्याने पेटून दारू पेटवणाऱ्या बारक्या टोपीवर. १८६६ च्या सुमारास दोन रचना पुढे आल्या. अमेरिकेच्या बर्डनने ऐरण, म्हणजे जिच्यावर प्रायमरचा मसाला चेपला जातो ते टोक, पुंगळीच्याच तळात ठेवली आणि बाजूला दोन बारीक भोकं पाडली. इंग्लंडच्या वूलिचमध्ये काम करणाऱ्या बॉक्सरने ऐरण प्रायमरमध्ये बसवली आणि पुंगळीला मधोमध एकच भोक ठेवलं. त्या भोकातून सुई घातली की वापरलेला प्रायमर टपकन खाली पडतो. गंमत म्हणजे इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपातल्या लष्करांत. घरी पुंगळ्या भरण्याची हौस अमेरिकेत एवढी फोफावली, त्यात या अदलाबदलीचा वाटा मोठा आहे. १८८४ मध्ये जॉन बार्लोच्या आयडियल कंपनीने अडकित्त्यासारखं हातात धरायचं अवजार बाजारात आणलं. जुना प्रायमर काढणं, नवा बसवणं, गोळी दाबणं ही कामं त्यावर होत. सोबत शिशाची गोळी ओतायचा साचाही मिळे.

इथवर काळ्या दारूचं राज्य होतं आणि ती दारू बऱ्याच चुका पोटात घाली. ती आकाराने मोठी. पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरावी लागे, त्यामुळे चुकून दोनदा ओतलीच तर ती सांडे आणि डोळ्यांना दिसे.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू केली. पाठोपाठ नोबेलची बॅलिस्टाइट आली, १८८९ मध्ये इंग्लंडची कॉर्डाइट आली. निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. या दारूची ताकद कितीतरी जास्त, त्यामुळे ती लागते थोडी. खरी मेख इथेच आहे. .३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस १८९८ च्या सुमाराचं. त्याची पुंगळी काळ्या दारूच्या हिशोबाने लांब ठेवलेली होती, सुमारे २९ मिलिमीटर. वर्षभरातच त्यात बिनधुराची दारू भरायला लागले. ती तळाशी जेमतेम पसरते आणि वर मोकळी जागा राहते. त्या जागेत दुसरा बार सहज मावतो, तिसराही मावू शकतो, आणि वरून गोळी दाबली की बाहेरून काही कळत नाही. रिव्हॉल्व्हर मात्र फुटतं. उलट बाजूने दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळतो. प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोकवायचं, मगच गोळी बसवायची, हा रिलोडिंगमधला, म्हणजे काडतुसं पुन्हा भरण्यातला, नियम याच धोक्यासाठी. माझ्या मते इतर कुठल्याही नियमाहून तोच जास्त मोलाचा आहे.

आता गोळीकडे येऊ. शिसं मऊ आणि स्वस्त, पण वेग वाढला की नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार चरांना, चिकटतं. बिनधुराच्या दारूने वेग वाढवला, तसा हा त्रास वाढला. यावरचा उपाय स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने त्याआधीच, १८८२ मध्ये, केला होता: तांब्याचं जॅकेट, म्हणजे पत्र्याचं वेष्टण, चढवलेली रायफलची गोळी. कोलकात्याजवळच्या डमडमला १८९० च्या दशकात त्या जॅकेटचं टोक उघडं ठेवून गोळ्या बनवल्या गेल्या आणि पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली, तो वेगळा अध्याय. पिस्तुलात ९ मिमी पॅराबेलम १९०२ मध्ये आणि .४५ एसीपी १९०५ मध्ये, दोन्ही जॅकेटच्या गोळ्या घेऊनच आली. रिव्हॉल्व्हरवाले बराच काळ शिशालाच धरून राहिले. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा साध्या शिशाच्या गोळ्यांनी नळ्या इतक्या भरू लागल्या, की साफ करता करता लोक मेटाकुटीला आले.

जॅकेट महाग पडतं, कारण पत्र्याची वाटी ओढून, त्यात शिसं दाबून, कडा मिटवाव्या लागतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत गोळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हा फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये वापरलेल्या .२२ च्या पुंगळ्यांतून जॅकेट करायचा साचा बनवला आणि त्यातूनच आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. १९५८ मध्ये रिचर्ड लीचा स्वस्त हातसंच आधी छर्र्यांच्या काडतुसांसाठी आला, पुढे रायफल-पिस्तुलांसाठी हातोडीने ठोकायचा संच आला आणि ही हौस सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली. हजारो गोळ्या उडवणाऱ्याला मग शिसं आणि जॅकेट यांच्या मधलं काहीतरी हवं होतं. बंदिस्त रेंजवर शिशाच्या वाफेची आणि धुळीची धास्तीही वाढत चालली होती.

ते मधलं म्हणजे प्लेटेड गोळी. मऊ शिशाची तार थंडच दाबून गाभा करायचा, असे ढीगभर गाभे फिरत्या पिंपात घालून तांब्याच्या द्रावणात सोडायचे आणि वीज लावायची. मुलामा चढला की पुन्हा साच्यात ठोकून नेमकं माप आणायचं. गोळीचा तळही झाकला जातो, हा मोठा फायदा. पण हा थर साध्या प्लेटेड गोळीवर जॅकेटपेक्षा बराच पातळ असतो आणि आतलं शिसं मऊच राहतं. दिसायला जॅकेट, वागायला शिसं. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

तक्ता बहुधा जॅकेटच्या किंवा ओतीव शिशाच्या गोळीचा असतो. मुलाम्याच्या गोळीसाठी वेगळे आकडे कमीच छापलेले. म्हणून बनवणाऱ्या कंपन्यांचा सल्ला असा, की ओतीव शिशाचे आकडे धरा किंवा जॅकेटच्या आकड्यांतला खालचा ते मधला भाग. जॅकेटच्या कमाल बारापर्यंत जायचं नाही. साध्या मुलाम्याच्या गोळीला सेकंदाला सुमारे १२५० फुटांची मर्यादा सांगितली जाते. त्यापुढे मुलामा आट्यांवर सोलला जाऊ शकतो आणि नेम बिघडतो. सुरुवात तळाच्या आकड्यापासून करायची, थोडी थोडी दारू वाढवायची आणि दर टप्प्याला पुंगळी, प्रायमर आणि क्रोनोग्राफवरचा वेग पाहायचा, ही पद्धत इथेही पाळायची. अति कमी करणंही वाईट, कारण गोळी नळीत अडकते.

दुसरी खबरदारी तोंडाची. पुंगळीचं तोंड पुरेसं फुलवलं नाही तर गोळी बसताना मुलामा खरवडला जातो. गोळी पक्की धरावी म्हणून तोंड जास्त आवळलं, तर कड मुलाम्यात रुतून तो कापला जातो. मग मुलामा नळीत सुटा होतो. चुकून आवळलेली गोळी उपटून पाहिली तर तिच्या कमरेभोवती करंगळीच्या नखाला जाणवेल अशी खाच दिसते. उलट पकड ढिली राहिली, तर पिस्तुलात चढताना गोळी आत सरकते. ९ मिमीच्या छोट्या पुंगळीत एवढ्यानेही दाब झपाट्याने वाढतो.

आपल्याकडे हे सगळं का घडलं नाही? एक कारण खेळाचं. सोलापुरात नेमबाजी शिकणाऱ्या पोरांची सुरुवात बहुधा १० मीटर एअर पिस्तूल किंवा एअर रायफलने होते. त्यापुढे .२२. राही सरनोबतचं २५ मीटर पिस्तूल .२२ चंच. .२२ च्या काडतुसात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, घोड्याच्या ठोक्याने कड चेपते आणि ती पुंगळी पुन्हा भरायच्या कामाची राहत नाही. उरतं सेंटर फायर पिस्तूल, ज्याच्या काडतुसात प्रायमर तळाच्या मधोमध असतो. त्यात बहुधा .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची, सपाट तोंडाची शिशाची गोळी वापरतात. शिकारीची वाट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळली आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य पुढे झालं ते याच जिल्ह्यात.

दुसरं आणि मोठं कारण कायद्याचं. १८७८ च्या व्हाइसरॉय लिटनच्या कायद्याने शस्त्र बाळगायला परवाना सक्तीचा केला, युरोपीय लोकांना मात्र सवलत दिली. स्वातंत्र्यानंतर त्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्याच्या १३ व्या कलमात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीला जागा आहे, म्हणून तो हाताने भरलेला बार टिकला. पण ५ व्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. शिवाय अधिनियमातल्या व्याख्येप्रमाणे दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात. म्हणजे टेक्सासातल्या भाच्याने हौसेने रिलोडिंगचा प्रेस बॅगेत टाकून आणला, तर विमानतळावर कायदा त्या लोखंडी प्रेसकडे काडतूस म्हणूनच पाहील.