पौषातलं आभाळ आणि १९५ दिवसांचा हिशेब

हिवाळ्यात दिवस मावळताना बालाघाटाच्या डोंगररांगेवर जो रंग चढतो, त्यावरून पुढच्या मृगाचा अंदाज बांधायची चाल जुनी आहे. सहाव्या शतकातल्या बृहत्संहिता या ज्योतिषाच्या पोथीत ढगांच्या गर्भावर, म्हणजे पुढच्या पावसाचं बीज आभाळात धरण्यावर, वेगळा अध्याय आहे. मार्गशीर्ष शुद्धात चंद्र पूर्वाषाढा नक्षत्रात आला की आभाळ बघायला लागायचं. सांजेची लाली, मोत्याच्या, चांदीच्या, काजळाच्या रंगाचे ढग ही गर्भाची लक्षणं. तिथून १९५ दिवसांनी पाऊस. आपल्या गावांत मात्र पोथीपेक्षा सहदेव-भाडळीची, म्हणजे पाऊसपाण्याच्या तोंडी अंदाजांची, वचनंच जास्त पोचली.

खरा वाद या १९५ चा आहे. २४ नोव्हेंबरचा गर्भ ७ जूनला, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर येतो. इथवर हिशेब बसतो. पण दिवस मोजतो कोण? बोलताना ‘साडेसहा महिने’ धरतात, आणि चांद्रमासाने ते होतात १९२ दिवस. त्यात अधिक महिना आला की घोळच. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक. महिन्यांची नावं मोजत जाणारा सरळ महिनाभर चुकतो. पाऊस आला तर श्रेय पोथीला, नाही आला तर मोजणारा चुकला! अशा ठोकताळ्याची परीक्षा घ्यायची तरी कशी?

रंगाचं कारण साधं आहे. कलत्या सूर्याचा उजेड हवेतून लांबवर येतो, निळा रंग वाटेत विखुरतो, लाल उरतो. थंडीत वर पातळ ढग असले की तो त्यांवर उशिरापर्यंत राहतो. जूनच्या पावसाची खबर त्यात नसते.

आणि आता पौषात आभाळ आलं तर शेतकऱ्याला आनंद होत नाही, धडकी भरते. हरभऱ्यावर घाटेअळी, ज्वारीवर मावा, मग त्याचा पानांवर चिकटा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने तर उभी रब्बी झोपवली. तरी अंदाजाची भूक कमी झाली नाही, फक्त वचनांच्या जागी मोबाइल आला. २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातले शेतकरी पावसाचा अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत गेले. भाडळीवर अशी पाळी कधी आली नव्हती, कारण तिच्या वचनावर तारीख नसायची. पेरणीचा सल्ला आजही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून गेल्यावर चाड्यावर मूठ धरण्याचाच आहे.