पोटाला बांधलेला पट्टा: गॅस्ट्रिक बँड आला कुठून आणि मागे का पडला

नेरूळला आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी परवा जिन्यात थांबवून विचारलं, तुमच्या मावशीने तो पोटाचा बँड बसवलेला ना, मला एकीने सांगितलंय की त्यात कापाकापी नसते आणि नको झाला तर काढता येतो, मग तोच बरा ना? मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, कारण जिन्यात उभं राहून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. बँडची, म्हणजे वजन उतरवायला जठराच्या वरच्या भागाला बांधतात त्या पट्ट्याची, मागची सगळी कथा माहीत असेल तरच तो प्रश्न डॉक्टरांना नीट विचारता येतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

वजनासाठी ऑपरेशन ही कल्पना काही नवीन नाही. 1954 साली अमेरिकेतल्या मिनेसोटामधून आतड्याच्या बायपासची पहिली माहिती छापून आली. लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न थेट पुढे ढकलायचं, म्हणजे ते अंगाला लागतच नाही. वजन उतरायचं, पण जुलाब थांबायचे नाहीत, मूतखडे व्हायचे आणि काहींचं लिव्हर निकामी व्हायचं, त्यामुळे पुढच्या पंचवीसेक वर्षांत ते ऑपरेशन सोडूनच दिलं गेलं. मधल्या काळात आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन उतरतं आणि पुन्हा सहज वाढत नाही, त्यातून 1966 मध्ये गॅस्ट्रिक बायपास आला, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडायची. आज जो बायपास होतो त्याचं मूळ तिथे आहे.

मग काही सर्जननी विचार केला की जठर कापायचं, शिवायचं, हे सगळं करायचंच कशाला, वरच्या भागाला बाहेरून नुसता पट्टा आवळला तर? 1970 च्या दशकाच्या शेवटी तसे पट्टे बांधून पाहिले गेले. पण ते एकदा बांधले की तसेच राहायचे, घट्ट झाला तर पेशंट ओकत बसणार, सैल राहिला तर उपयोग नाही. खरा बदल झाला तो 1980 च्या दशकात. न्यू जर्सीत काम करणारे, मूळचे युक्रेनचे लुबोमिर कुझमाक यांनी सिलिकॉनचा पट्टा घेतला, त्याच्या आतल्या बाजूला फुगा ठेवला आणि त्याची नळी कातडीखालच्या एका छोट्या पोर्टला जोडली, म्हणजे सुईने सलाईन भरलं की पट्टा आवळतो आणि काढलं की सैल होतो. 1986 मध्ये त्यांनी हा कमीजास्त करता येणारा बँड वापरला, आणि त्याच सुमारास स्वीडनमध्ये दाग हालबर्ग आणि पीटर फोर्सेल यांचंही असंच काम चाललं होतं.

यातला मला सगळ्यात भावलेला माणूस म्हणजे मितिकू बेलाच्यू. इथिओपियात लहानपणी गुरं राखणारा मुलगा, पुढे बेल्जियममध्ये सर्जन झाला, आणि 1 सप्टेंबर 1993 ला हुई नावाच्या गावात त्यांनी हा बँड दुर्बिणीतून बसवला. तिथून बँड खरा लोकांपर्यंत पोचला, कारण पोट उघडायचं नाही, जठर कापायचं किंवा स्टेपल करायचं नाही, एकदोन दिवसांत पेशंट घरी, आणि ऑपरेशनमध्ये जिवाचा धोका फारच कमी. जून 2001 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, लॅप-बँड नावाच्या या बँडला मान्यता दिली आणि मग लाटच आली, 2008 च्या सुमारास जगभरात वजनाची जितकी ऑपरेशनं होत होती त्यातली 42 टक्के बँडची होती.

माझ्या मावशीने बँड बसवला तो याच लाटेत, 2010 मध्ये. ठाण्याला नौपाड्यात राहते ती, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 41, शुगर, गुडघे गेलेले, त्यामुळे सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. फिलसाठी, म्हणजे बँडमध्ये सलाईन भरून घ्यायला, तिच्याबरोबर मी दोनदा गेलोय, ठाण्याहून लोकलने दादर, तिथून टॅक्सी. तिला कॉटवर झोपवून डॉक्टर पोटावर बोटाने दाबून पोर्ट शोधायचे, दोन रुपयाच्या नाण्याएवढं काहीतरी कडक हाताला लागायचं, मग खास सुई आत घालून मोजून सलाईन भरायचे. त्यानंतर उभं राहून ग्लासभर पाणी प्यायला लावायचे, पाणी खाली उतरलं तर घरी जायचं, छातीत अडकलं तर थोडं परत काढायचं. पहिल्या वर्षात असं पाचसहा वेळा जावं लागतं, आणि ही जाणीव ऑपरेशनच्या आधी आम्हाला कुणी नीट करून दिलीच नव्हती. आमच्या डोक्यात काय तर बँड बसवला म्हणजे काम झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत हाच गैरसमज असतो. पट्ट्याच्या वर जठराची अगदी छोटी पिशवी राहते, सुरुवातीला 15 ते 30 मिली एवढीच. लोकांना वाटतं पट्टा जितका घट्ट तितकं वजन लवकर उतरणार. तसं नाही. बँड नीट लागलेला असेल तर थोडं खाऊन पोट भरल्यासारखं वाटतं आणि भूक आटोक्यात राहते, पण तो जास्त आवळला तर पोळी, पाव, चिकट भात घशाखाली अडकतो आणि माणूस आपोआप आइस्क्रीम, श्रीखंड, सरबताकडे वळतो कारण ते सरळ उतरतं. मग वजन उलट वाढतं, आणि सतत ओकाऱ्या होत राहिल्या तर बी1 व्हिटॅमिन कमी पडून नसांवर परिणाम होतो.

मावशीचं पहिल्या दोन वर्षांत खरंच छान उतरलं वजन, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण बँड म्हणजे नुसती फसवणूक असं म्हणणं चुकीचं आहे. मेलबर्नमध्ये जॉन डिक्सन आणि पॉल ओब्रायन यांच्या टीमने 2008 मध्ये 60 डायबेटिस पेशंटचा अभ्यास छापला, त्यात बँडवाल्यांपैकी 73 टक्क्यांचा डायबेटिस आटोक्यात आला होता आणि नुसत्या औषध-आहारावाल्यांत 13 टक्क्यांचा. ओब्रायन यांच्याच पेशंटमध्ये 15 वर्षांनीही जास्तीच्या वजनातलं सरासरी 47 टक्के उतरलेलं राहिलं. पण ती टीम पेशंटला वर्षानुवर्षं धरून ठेवते, फॉलो-अप सोडत नाही, आणि बँडच्या यशाचं निम्मं कारण मला तेच वाटतं.

दुसरी बाजू ब्रसेल्समधून आली. 2011 मध्ये तिथले सर्जन हिम्पेन्स आणि सहकाऱ्यांनी 12 वर्षांपेक्षा जुने बँडवाले 82 पेशंट तपासले, तर 60 टक्क्यांना परत ऑपरेशन लागलेलं, जवळपास निम्म्यांचा बँड काढावा लागलेला आणि 28 टक्क्यांमध्ये पट्टा हळूहळू जठराच्या भिंतीत रुतून आत गेलेला, ज्याला डॉक्टर इरोजन म्हणतात. गंमत नाही ही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या 25,042 बँड पेशंटचा हिशोब आला, त्यात 18.5 टक्के पुन्हा टेबलवर गेले होते. हे सगळं बाहेर येत असतानाच स्लीव्ह पुढे आली, जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची केळ्यासारखी नळी करतात ती. स्लीव्ह आणि बायपासमुळे भुकेचे हार्मोन बदलतात, बँडमध्ये ते त्या प्रमाणात होत नाही. अमेरिकेत 2011 मध्ये बँडचा वाटा 35 टक्के होता, 2018 मध्ये तो 1 टक्क्याच्या आसपास आला. ज्या ऑपरेशनला कुणी नाव ठेवत नव्हतं ते सात वर्षांत जवळपास बंद पडलं.

मावशीचं पण 2018 नंतर बिनसलं. एका साखरपुड्यात पहिलाच बटाटेवडा तोंडात घातला आणि ती उठून बेसिनकडे गेली, आम्हाला वाटलं ॲसिडिटी. मग रात्रीचा खोकला सुरू झाला, दोन उशा घेऊन झोपायची, पहाटे तोंडात आंबट पाणी. कितीतरी महिने खोकल्याची औषधं चालली, बँडचा संबंध कुणाच्या डोक्यातच आला नाही. शेवटी एका डॉक्टरांनी बेरियम पाजून एक्स-रे काढला तर बँड सरकलेला, वरची पिशवी फुगलेली. जिथे बँड बसवलेला तिथे गेलो तर सांगितलं ते डॉक्टर आता इथे नाहीत, जुनी फाईल मिळणार नाही. बँड कुठल्या कंपनीचा, आत किती मिली भरलंय, काहीच कळेना. कपाटातल्या लग्नाच्या साड्यांखाली एका पिशवीत बँड बसवताना मिळालेलं त्याचं माहितीचं कार्ड सापडलं तेव्हा मावशी अक्षरशः रडली.

आधी सगळं सलाईन काढलं, मग काही महिन्यांनी बँडच काढला. काढता येतो हे खरं, पण काढला की वजन परत येतं, तिचं पण आलं, आणि तिथे व्रण राहिलेले असतात त्यामुळे नंतर स्लीव्ह किंवा बायपास करायचा तर तो पहिल्यांदा करण्यापेक्षा अवघड जातो. "काढता येतो" हे ऐकताना हे दुसरं वाक्य पण विचारून घ्या.

ज्यांच्या पोटात आज बँड आहे त्यांना माझी कळकळीची विनंती, त्रास नसला तरी वर्षातून एकदा बॅरिएट्रिक (वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनला दाखवा, मूळ डॉक्टर गेले असतील तर दुसरे शोधा. अचानक जास्त खाता यायला लागलं, पाणीसुद्धा उतरेना, रात्री खोकला आणि आंबट पाणी, किंवा बरीच वर्षं झाल्यावर पोर्टच्या जागी लाली आणि पू, यातलं काहीही झालं तर थांबू नका, पोर्टचं उशिरा होणारं इन्फेक्शन कधीकधी आतल्या इरोजनची खूण असते. पोटात जोराचं दुखतंय आणि काहीच उतरत नाहीये असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल. गरोदरपणात बँड सैल करावा लागू शकतो, तेव्हा गायनॅकना पहिल्याच भेटीत सांगा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

आणि जे आता विचार करतायत त्यांच्यासाठी, आज पर्याय तेव्हापेक्षा वेगळे आहेत. 2022 च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईननुसार बीएमआय 35 च्या वर ऑपरेशन सुचवतात, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच विचार करता येतो असं म्हटलंय. विम्याचं गणित मात्र वेगळं, आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नियमात अजून बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार, अशी अट आहे, त्यामुळे पॉलिसीची वाट पाहण्याची मुदत आणि ही अट आधी वाचा. 2025 मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, मावशीचे डॉक्टर आता तिच्याशी त्याबद्दल बोलतायत.

त्या ताईंना मी रविवारी घरी बोलावलंय, मावशी पण येणार आहे ठाण्याहून, ते कार्ड घेऊन.