एलएल.एम. (विधी शाखेतील पदव्युत्तर पदवी)

एलएल.एम. ही एलएल.बी. या कायद्याच्या पदवीनंतरची पदव्युत्तर पदवी. कोर्टात उभे राहायला तिची गरज नाही, त्यासाठी एलएल.बी., राज्य बार कौन्सिलची सनद (वकिलीचा परवाना) आणि अखिल भारतीय बार परीक्षा एवढे पुरते. एलएल.एम.चा खरा उपयोग अध्यापन आणि संशोधनात होतो. सहायक प्राध्यापकपदासाठी 55 टक्के गुणांची एलएल.एम. (राखीव प्रवर्गांना सवलत) व जोडीला नेट, सेट (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय व राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

बहुतेक राज्य विद्यापीठांत हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012-13 मध्ये एक वर्षाचा पर्याय आणला आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी तो उचलला: तीन अनिवार्य विषय, सहा ऐच्छिक विषय व लघुप्रबंध. विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2020 च्या नियमांत हा प्रकार बंद करायचे ठरवले, पण वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि वर्ग चालूच राहिले.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा प्रवेश क्लॅट या सामायिक विधी प्रवेश परीक्षेच्या पदव्युत्तर भागातून होतो: 120 मिनिटे, 120 प्रश्न, चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा. दिल्लीचे विद्यापीठ आयलेट ही वेगळी परीक्षा घेते. क्लॅट देणाऱ्या अनेकांचा डोळा एलएल.एम.वर नसतोच, काही सरकारी कंपन्या विधी अधिकारी याच गुणांवर निवडतात.

लघुप्रबंध रखडतो तो बहुधा विषयामुळे. ‘भारतातील महिलांचे हक्क’ हा विषय कधीच संपत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खालील मुंबई उच्च न्यायालयाचे पाच वर्षांतले निकाल घेतले, तर सत्रात काम होते.

वकिली चालू ठेवून शिकणाऱ्याने हजेरीची अट आधी पाहावी. दूरस्थ किंवा ऑनलाइन ‘एलएल.एम.’ला बार कौन्सिलची मान्यता नसेल, तर प्राध्यापकपदाच्या छाननीत ती पदवी अडते. फक्त कर किंवा कामगार कायद्यात हात बसवायचा असेल, तर पदविका स्वस्त आणि सोयीची. सनदधारक वकिलाला विधी अध्यापनाबाबतच्या 1979 च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, त्यासाठी वकिली सोडावी लागत नाही.

परदेशी एलएल.एम.ने तिथली सनद आपोआप मिळत नाही. न्यूयॉर्कच्या बार (वकिलीच्या परवान्याच्या) परीक्षेला बसताना ज्यांचे कायद्याचे मूळ शिक्षण तिथल्या निकषांत बसत नाही, त्यांना किमान 24 क्रेडिट्सची (अभ्यासाच्या श्रेयांकांची) आणि ठरावीक विषय असलेली अमेरिकेतील एलएल.एम. लागू शकते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (तिथल्या वकिलांचा एक प्रकार) होण्यासाठी 2021 पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे, तिथे एलएल.एम.ची अटच नाही.