आयआरसी बॉटचे जोडणी-व्यवस्थापन

इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी, या संवादप्रणालीवर चालणाऱ्या बॉटला (आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला) कोणत्या नेटवर्कशी, म्हणजे सर्व्हरांच्या जाळ्याशी, जोडायचे, कुठून बाहेर काढायचे आणि तुटलेली जोडणी पुन्हा कशी उभी करायची, हे बॉटचा मालक चॅटमध्ये आज्ञा टाइप करून ठरवू शकतो. त्यासाठी बॉट बंद करून सेटिंगच्या फाइलला हात लावावा लागत नाही. सोय मोठी आहे, पण पेचही तितकाच मोठा. ज्या जोडणीवरून आज्ञा येते, नेमकी तीच जोडणी त्या आज्ञेने तुटू शकते. बसलेली फांदी तोडण्यातलाच हा प्रकार. वेगवेगळ्या बॉटनी या पेचातून काढलेली वाट वेगवेगळी आहे.

आयआरसीची सुरुवात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात केली. बॉटसाठी तेथे वेगळे दार नाही. सर्व्हरच्या लेखी तो इतर कोणत्याही वापरकर्त्यासारखाच एक क्लायंट असतो. तो ठरलेल्या पोर्टवर टीसीपी जोडणी उघडतो (साध्या जोडणीसाठी सहसा ६६६७, टीएलएस म्हणजे कूटबद्ध जोडणीसाठी ६६९७), टोपणनाव आणि ओळख सांगणाऱ्या ‘निक’ आणि ‘यूझर’ या ओळी पाठवतो, सर्व्हरकडून ००१ क्रमांकाचे स्वागत आले की आत जातो आणि मग चॅनेलांमध्ये, म्हणजे गप्पांच्या दालनांमध्ये, शिरतो. सर्व्हर अधूनमधून ‘पिंग’ पाठवतो. वेळेत ‘पाँग’ आले नाही तर जोडणी तोडतो. प्रत्येक नेटवर्क स्वतंत्र असल्यामुळे दोन नेटवर्कवर असलेला बॉट म्हणजे दोन वेगळ्या जोडण्या, दोन वेगळी टोपणनावे आणि दोन वेगळ्या ओळखी.

आयआरसीच्या मूळ नियमांतही ‘कनेक्ट’ नावाची आज्ञा आहे, पण ती नेटवर्क चालवणाऱ्या ऑपरेटरांची. तिने एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला जोडला जातो आणि ‘एसक्विट’ने तोडला जातो. बॉटच्या मालकाची ‘कनेक्ट’ फक्त त्याच्या बॉटपुरती असते. नवखे लोक या दोन्हींची गल्लत हमखास करतात.

जोडणी टिकवणे हा आयआरसीवर कधीकाळी जिवाभावाचा प्रश्न होता. ईएफनेटसारख्या नेटवर्कवर चॅनेलची नोंदणी करण्याची सोयच नाही. चॅनेल ज्यांच्याकडे त्याचे ऑपरेटरपद (चॅनेल चालवण्याचा अधिकार) आहे त्यांचे; ते सगळे बाहेर पडले, की पद गेले. सर्व्हरांमधील दुवा तुटून नेटवर्कचे तुकडे पडले, म्हणजे ‘नेटस्प्लिट’ झाला, की टपून बसलेले लोक चॅनेल बळकावत. अशा ठिकाणी रात्रंदिवस जागा असणारा राखणदार हवा होता. ‘एगड्रॉप’ हा बॉट रोबी पॉइंटर यांनी डिसेंबर १९९३मध्ये ईएफनेटवरील एका चॅनेलच्या रक्षणासाठीच लिहिला. गाभा सी भाषेत आणि वर टीसीएल स्क्रिप्ट, अशी त्याची बांधणी.

एगड्रॉपने आज्ञांसाठी वेगळीच वाट ठेवली. मालक बॉटच्या ‘पार्टीलाइन’वर, म्हणजे बॉटच्या स्वतःच्या गप्पांच्या जागेवर, डीसीसी चॅट किंवा टेलनेटने येतो. ही जोडणी मालकाच्या आणि बॉटच्या यंत्रांमध्ये थेट असते, आयआरसी सर्व्हर मध्ये नसतो. त्यामुळे ‘.जंप’ दिल्यावर बॉट सध्याचा सर्व्हर सोडून दुसऱ्यावर जातो आणि मालक पार्टीलाइनवर बसून ते सारे पाहत राहतो. सर्व्हरचे नाव दिले नाही तर बॉट आपल्या यादीतला पुढचा सर्व्हर धरतो. ‘.लिंक’ आणि ‘.अनलिंक’ या आज्ञांचा आयआरसीशी संबंध नाही. त्या एका एगड्रॉपला दुसऱ्याशी जोडतात किंवा तोडतात. अशा जोडलेल्या बॉटांचे स्वतःचे जाळे उभे राहते आणि नेटस्प्लिटच्या वेळीही बॉट एकमेकांशी बोलू शकतात. मर्यादा एवढीच, की एक एगड्रॉप एकाच नेटवर्कवर राहतो. दुसरे नेटवर्क हवे तर दुसरा बॉट चालवा.

पायथन भाषेतील ‘सुपीबॉट’ आणि त्यातूनच पुढे वाढलेला ‘लिमनोरिया’ यांनी उलट निवड केली. एकच बॉट अनेक नेटवर्कवर राहतो आणि त्याला आज्ञा चॅनेलात किंवा खासगी संदेशातून, म्हणजे आयआरसीवरूनच मिळते. ‘कनेक्ट’ला नेटवर्कचे नाव आणि सर्व्हरचा पत्ता द्यायचा. ‘डिसकनेक्ट’ आणि ‘रीकनेक्ट’ यांना नेटवर्कचे नाव देणे ऐच्छिक आहे; दिले नाही, तर आज्ञा ज्या नेटवर्कवरून आली तेच गृहीत धरले जाते. एरवी सोयीचा वाटणारा हा नियम घाईत महागात पडतो, कारण नाव विसरले की बॉट तुम्ही उभे असलेल्या नेटवर्कवरूनच निघून जातो. दुसऱ्या नेटवर्कवरून आज्ञा दिली असेल तर तो तसे कळवतो. त्याच नेटवर्कवरून दिली असेल तर उत्तर पाठवायला जोडणीच उरत नाही. शिवाय ‘डिसकनेक्ट’ केलेले नेटवर्क बॉटच्या यादीतूनही काढले जाते, त्यामुळे पुढे तो नव्याने सुरू झाला तरी तेथे आपणहून जात नाही. तात्पुरते तोडून जोडायचे असेल तर ‘रीकनेक्ट’ हीच योग्य आज्ञा.

बॉट दोन नेटवर्कवर असण्याचा फायदा मे २०२१मध्ये ठळक दिसला. फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरून वाद होऊन तेथील स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवे नेटवर्क सुरू केले. अनेक मुक्त-सॉफ्टवेअर प्रकल्प त्यांच्यामागून गेले. अशा स्थलांतरात क्रम महत्त्वाचा असतो. आधी नव्या नेटवर्कला ‘कनेक्ट’, तेथे बॉटचे टोपणनाव नोंदवून चॅनेलांत प्रवेश, आणि सगळे सुरळीत झाल्यावरच जुन्याला ‘डिसकनेक्ट’.

जोडणी तुटल्यावर लगेच पुन्हा जोडणे शहाणपणाचे नसते. सर्व्हर फार जवळजवळचे प्रयत्न रोखतात आणि हट्टी पत्त्यावर ‘के-लाइन’ म्हणजे बंदीही घालतात. म्हणून बॉट दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेतो. सुपीबॉटमध्ये त्याची कमाल मर्यादा मुळात ३०० सेकंद ठेवलेली आहे. परतल्यावर आणखी एक अडचण उभी राहते. तुटलेली जोडणी सर्व्हरच्या लक्षात यायला वेळ लागतो, तोवर बॉटचे जुने भूत तेच टोपणनाव धरून बसलेले असते. सर्व्हर ४३३ क्रमांकाचा नकार देतो आणि बॉटला पर्यायी नाव घ्यावे लागते. निकसर्व्ह (टोपणनावांची नोंदणी ठेवणारी सेवा) असलेल्या नेटवर्कवर पासवर्ड देऊन भुताला हाकलता येते.

एवढी ताकद कोणाच्या हाती द्यायची, हा खरा नाजूक भाग. टोपणनावावर विश्वास ठेवता येत नाही; ते कोणीही घेऊ शकतो. म्हणून बॉट नाव, यूझर आणि यंत्राचा पत्ता मिळून बनलेला होस्टमास्क किंवा पासवर्ड तपासतो. टीएलएस नसलेल्या जोडणीवर हा पासवर्ड उघडाच जातो, तेव्हा ती टाळलेलीच बरी. एगड्रॉपमध्ये मालकाला ‘एन’ आणि मुख्य प्रशासकाला ‘एम’ हे ध्वज, म्हणजे अधिकाराच्या खुणा, असतात. सुपीबॉट एक पाऊल पुढे जातो: ‘ओनर’ हा अधिकार चॅटमधून कोणालाही देताच येत नाही, बॉट ज्या यंत्रावर चालतो तेथे जाऊनच द्यावा लागतो. जोडणीच्या आज्ञांबाबत ही कडकपणाची रीत मला सर्वांत पटते. प्रशासकाचे खाते चोराच्या हाती लागले, तरी तो बॉटचा मालक होऊ शकत नाही.

डिस्कॉर्डसारख्या नव्या सेवांवर यातले बरेचसे उरलेले नाही. तेथे बॉट टोकन (गुप्त किल्ली) दाखवून कंपनीच्या गेटवेशी, म्हणजे प्रवेशद्वाराशी, जोडला जातो आणि त्याला एखाद्या समूहात आणण्याचे काम त्या समूहाचा प्रशासक दुव्यावरून करतो. बॉटला ‘कनेक्ट’ म्हणण्याला अर्थ राहत नाही. संयमाची गरज मात्र तेथेही आहे. २४ तासांत १,००० पेक्षा जास्त वेळा नव्याने ओळख देणाऱ्या बॉटचे टोकनच डिस्कॉर्ड रद्द करते.